डॉक्टरांना दाखवून घ्या

माझा आवाज मोठा आहे. जोगेश्वरीच्या चाळीत लहानपणी मी आईला हाक मारली की शेजारच्या दोन खोल्यांतल्या आयासुद्धा बाहेर यायच्या. लग्न होऊन मालाडला गेले, तिथेही तो काही नरमला नाही. नवरा म्हणतो, तू रागावलीस की खालच्या मजल्यावरच्यांना स्वतःच्या कुकरच्या शिट्या ऐकू येत नाहीत. नकोत येऊ देत. मला राग पटकन येतो, पटकन जातो, आणि मधल्या वेळात तोंड चालू असतं. माझ्या माणसांना त्याची सवय आहे.

पण सकाळी आठ ते दुपारी चार मी दुसरीच कुणी असते. अंधेरीला, मरोळच्या बाजूला, रक्त तपासायची एक छोटी लॅब आहे. तिथे मी एकोणीस वर्षं काम करते. रक्त घ्यायचं, मशीनला लावायचं, काचेच्या पट्टीवर एक थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघायचं, आणि नंतर काउंटरवर बसून रिपोर्ट वाटायचे. रिपोर्टवर सही आमच्या डॉक्टर मॅडमची. लॅब त्यांचीच. माझं काम बघायचं, लिहायचं आणि गप्प बसायचं.

गप्प बसायला मला शिकवावं लागलं. कामाला लागल्याच्या दुसऱ्याच महिन्यात एक बाई रिपोर्ट न्यायला आली होती. कागद पाकिटात घालताना माझी नजर आकड्यावर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "अगं बाई!" झालं. ती बाई तिथेच पायरीवर बसली. पाणी दिलं, पंखा लावला, दहा मिनिटं उठली नाही. तिचा आजार जुना होता, गोळ्या चालू होत्या, आकडा उलट मागच्यापेक्षा बरा होता. मला काय माहीत? मॅडमनी आत बोलावून झाप झाप झापलं. म्हणाल्या, "तुझं तोंड म्हणजे रिपोर्ट नाही. आणि रिपोर्टसुद्धा फक्त त्या सकाळच्या रक्ताचा असतो. ना कालचा, ना उद्याचा. तू कोण बाई-बाई करणारी?"

मग त्यांनी मला एक वाक्य दिलं. रिपोर्ट चांगला असो, वाईट असो, पाकीट हातात द्यायचं आणि म्हणायचं, "डॉक्टरांना दाखवून घ्या." बस. आवाज तोच, चेहरा तोच. मी घरी आरशासमोर उभी राहून सराव केला, खोटं नाही सांगत. महिनाभरात जमलं. पुढे तर इतकं जमलं की दर महिन्याला शुगर तपासायला येणाऱ्या एक आजी होत्या, त्या म्हणायच्या, "बाई, वाण्याच्या तोंडावरून निदान भाव तरी कळतो. तुमच्या तोंडावरून काही म्हणजे काही कळत नाही हो." मला ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. लोक मन स्थिर करायला कुठे कुठे शिबिरांना जातात. मला वाटायचं, आपलं झालंय की. आपण रोज आठ तास स्थिर असतो.

आता माझ्या भावाबद्दल सांगते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मरोळच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात, तिथे मशीनवर असतो. लग्न केलं नाही. आई म्हणते त्याचं लग्न पखवाजाशी झालंय. आम्ही मूळचे मालवणकडचे, आणि आमच्याकडे डबलबारी भजनाचं वेड असतं. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकांना टोले देतात. त्यात एका मंडळाचा पखवाज हा वाजवतो. हात जोरात आहे मेल्याचा. कुठेही बसला की बोटं चालू. जेवणाच्या ताटावर, रिक्षाच्या दांडीवर, माझ्या लॅबमधल्या बाकावर.

तो बाक आमच्या भांडणाचा कायमचा विषय. कारखाना जवळच, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तो लॅबमध्ये यायचा. पेशंटसाठी ठेवलेल्या बाकावर चपलांसकट मांडी घालायचा, वडापाव खायचा आणि मधल्या लाकडावर बोटं आपटायचा. मी काउंटरवरून ओरडायची, "मेल्या, पाय खाली घे! लोक बसतात तिथे!" आमच्याकडे बायका आपल्या माणसालाच मेल्या म्हणतात, परक्याला कोण म्हणायला जातंय? तो म्हणायचा, "बघा, एकोणीस वर्षं गप्प बसलेली बाई बघा." पेशंट हसायचे. दिवसभर कोरं तोंड घेऊन बसणारी मी फक्त त्याच्यासाठी तेवढी ओरडायची. पाय मात्र त्याने एकदाही खाली घेतले नाहीत.

गेल्या गणपतीत तो नेहमीसारखा गावी गेला. रोज घरोघर भजनं. परत आला तेव्हा हात काळेनिळे. तळव्यांवर डाग, मनगटावर डाग, जिथे पखवाज टेकवतो त्या मांडीवर तर हातभर डाग. आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की पखवाजाने झालंय. त्याच्या मंडळाचे मुख्य गाणारे बुवा म्हणाले, असं होतं. आई म्हणाली, दरवर्षी होतं. मी, जी एकोणीस वर्षं रक्तात हात घालून बसलेली, मी खोबरेल तेलात हळद घालून ते डाग चोळत बसले आणि वर त्याला म्हणाले, "मेल्या, हात आहेत की हातोडे? त्या चामड्याने काय घोडं मारलंय तुझं?"

दमलेला असायचा. प्रवासाने दमला म्हटलं. दात घासताना रक्त येतं म्हणाला. ब्रश बदल म्हटलं. एकदा आईकडे गेले तर तो बनियन काढून झोपला होता आणि पाठीवर दोन डाग होते. मी बघितले. बघून चादर ओढली आणि स्वयंपाकघरात गेले. पाठीवर कोण पखवाज वाजवतं? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. आज रोज पडतो.

शेवटी एका तालमीत वाजवता वाजवता तो बसल्या जागी झोपून गेला. बुवांनी आईला सांगितलं, आईने मला. मी फोन करून शिव्या घातल्या आणि सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये ये म्हटलं. हिमोग्लोबिन कमी असेल, गोळ्या लिहून घेऊ, एवढंच डोक्यात. आला. मी सुई टोचली. टोचलेल्या जागी कापूस धरून ठेव म्हटलं, तर कापूस लाल होत राहिला, थांबेचना. मी म्हटलं, "नीट दाब मेल्या, सगळी लॅब माखवशील." तो म्हणाला, "वडापाव खाऊ का आता?" आणि बाहेर गेला.

ट्यूब मशीनला लावली. मशीनने आकडे दिले आणि पुढे लाल खुणा. मला पहिला राग मशीनचा आला. कालच त्याची देखभाल करून गेले होते, आणि ही सकाळी सकाळी नाटकं. परत लावली. तेच आकडे. म्हटलं, ट्यूब हलवली नसेल नीट. दुसरा थेंब घेतला, पट्टीवर पसरला, रंग दिला, धुतला, वाळवला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला.

निरोगी माणसाची पट्टी बघितली की लाल पेशींचा सडा दिसतो आणि मधूनच एखादी जांभळी. ती पांढरी पेशी, रंग दिल्यावर जांभळी दिसते. इथे जांभळ्याच जांभळ्या होत्या. मोठ्या, गोल, सगळ्या सारख्या, कच्च्या. मी पट्टी सरकवली. तिथेही त्याच. परत सरकवली. मला त्यांचं नाव माहीत होतं, आकार माहीत होता, एकोणीस वर्षांत मी त्या किती वेळा पाहिल्या होत्या, आणि दर वेळी शांतपणे उठून मॅडमना बोलावलं होतं. या वेळी मला उठताच येईना. माझे कान बधिर झाले. मशीन चालू होतं, त्याचा आवाजच येईना. मी ट्यूबवरचं नाव वाचलं. परत वाचलं. नाव माझ्याच अक्षरात होतं, अर्ध्या तासापूर्वी मीच लिहिलेलं. मी खरंच देवाला म्हटलं की चूक माझी असू दे, ट्यूब बदललेली असू दे, माझी नोकरी जाऊ दे. त्या सकाळी लॅबमध्ये त्याच्या आधी कुणीच आलं नव्हतं. बदलायला दुसरी ट्यूबच नव्हती.

मॅडमनी बघितलं. बराच वेळ बघितलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुणाचं आहे?"

"भावाचं."

"बाहेर आहे?"

"वडापाव खातोय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मॅडम म्हणाल्या, "त्याला आत पाठव. मी सांगते. तू काही बोलू नकोस." मी हो म्हटलं. उठले. दारापर्यंत चालत गेले. आणि मला इतकं बरं वाटलं की माझा चेहरा माझ्या ताब्यात आहे. खरंच वाटलं. आत सगळं कोसळत होतं आणि तोंड अगदी कोरं. म्हटलं, एवढ्या वर्षांचा सराव आज घरच्या कामाला आला.

तो बाकावर होता. चपलांसकट मांडी. बोटं लाकडावर. समोर वडापावचा कागद, शेव सांडलेली, चटणीचा डाग बाकावर. मला बघून मुद्दाम गुडघा आणखी पसरला. मी ओरडावं म्हणून.

माझ्या तोंडात शब्द आला होता. तोच, रोजचा. मेल्या. जिभेवर आला आणि मला त्याचा अर्थ दिसला. जन्मात कधी दिसला नव्हता. मी तो गिळला. आणि ती जागा रिकामी राहिली म्हणून तिथे दुसरं वाक्य आपोआप येऊन बसलं, एकोणीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं.

"डॉक्टरांना दाखवून घ्या," मी म्हणाले.

त्याची बोटं थांबली.

हसेल असं वाटलं मला. हसला नाही. घास तोंडात तसाच. माझ्याकडे बघत राहिला, मग बाकाकडे बघितलं, चटणीच्या डागाकडे, स्वतःच्या चपलांकडे. मग परत माझ्याकडे. आणि हळूच म्हणाला, "ताई, ओरडत का नाहीस?"

मी बाकावरची सांडलेली शेव हाताने गोळा करायला लागले.

"एवढं वाईट आहे?"

ज्या चेहऱ्यावरून वाण्याइतकंही कळत नाही म्हणायचे, त्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं. पाकीट नाही, कागद नाही, मॅडमची सही नाही. मी ओरडले नाही, एवढ्यावरून. मला वाटलं होतं मी त्याला सांभाळतेय. मीच त्याच्या पायाखालची फळी काढून घेतली होती.

पुढचे दोन दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. मॅडमनी त्याला समजावलं, रक्ताचा कॅन्सर हा शब्द त्यांनीच उच्चारला, मोठ्या हॉस्पिटलात फोन त्यांनीच केला. मी शेजारी बसून मान हलवत होते. आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. सत्तरी ओलांडलेली बाई, ब्लडप्रेशरची गोळी चालू, कशी सांगू? सगळं सांगितलं, लॅबमध्ये काय झालं तेसुद्धा. वाटलं रडेल, देवाला बोल लावेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि मलाच विचारलं, "तू तेका वरडलंस नाय?"

"नाही गं आई. ओरडू कशी?"

"मगे तो भियातलोच," आई म्हणाली. मग तो घाबरणारच. आणि देवापुढे जाऊन गाऱ्हाणं घालायला उभी राहिली.

हॉस्पिटलात त्याची औषधं सुरू झाली. मी सुट्टी टाकून दिवसभर त्याच्यापाशी. आणि मी काय केलं सांगू? तोच काउंटरवरचा चेहरा घेऊन गेले. उशी नीट केली, पाणी दिलं, 'बरं वाटतंय का' विचारलं. गोड, हळू, एका सुरात. त्याने उलटी केली, मी भांडं धरलं, काही बोलले नाही. केस गळून उशीवर पडले, मी झटकले, काही बोलले नाही. मला वाटत होतं की मी खंबीर आहे. आणि तो दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला.

आठव्या की नवव्या दिवशी तो भडकला. हातातला पेला टेबलावर आपटला आणि म्हणाला, "तू घरी जा. नर्स आहेत इथे चिक्कार. मला नको आहे आणखी एक."

"असं काय रे करतोस?"

"तू बोलतेस ना अशी, तेव्हा मला वाटतं मी गेलोच आहे. आणि तू मयताला आलीयेस, नीट साडी नेसून."

तो धापा टाकत होता. मग आवाज उतरला आणि म्हणाला, "भांड ना जरा, ताई. मेल्या म्हण. किती दिवस झाले, कुणी मेल्या नाही म्हणालं."

"नाही म्हणवत रे," मी म्हटलं आणि खरं तेच होतं.

"का? तू म्हणाल्याने मरणार आहे का मी? चाळीस वर्षं म्हणतेयस."

मी तोंड उघडलं. तो टक लावून बघत होता, जसा डबलबारीत समोरच्या बुवाने चाल धरायची वाट बघतो. शेवटी माझी नजर त्याच्या ताटाकडे गेली. भात तसाच, वरण तसंच, पोळी चुरून ठेवलेली. आणि मला राग आला. खरा. दहा दिवसांचा साठलेला. "मेल्या," मी ओरडले, "तो भात काय तुझा बाप येऊन खाणार आहे? सकाळपासून नाटकं चाललीयेत! गीळ गुपचूप!" वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. नर्स धावत आली, मला म्हणाली की पेशंटवर असं ओरडायचं नाही. तो तोंडात भात कोंबत तिला म्हणाला, "राहू द्या सिस्टर. ही माझी बहीण आहे."

त्याच दिवशी आमचं ठरलं. त्याने अट घातली. यापुढे त्याचा रिपोर्ट कसाही येवो, मी त्याच्यासमोर एकच करायचं. मेल्या म्हणून ओरडायचं. चांगला आला तरी तेच, वाईट आला तरी तेच. "म्हणजे मला तुझ्या तोंडाकडे बघत बसायला नको," तो म्हणाला. "कागद काय ते सांगेल." मॅडमनी शिकवलेलंच तर होतं हे. फक्त वाक्य बदललं होतं. मी म्हटलं, हे मला जमेल. सरावच तर करायचाय.

वाईटात मला जमलं. तेही सांगते. मध्ये एकदा त्याच्या चांगल्या पेशी चढल्या. एका दिवसात चढल्या, आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यावरून सगळ्यांना फोन केले. आईने नारळ फोडला. बुवांनी मंडळाच्या ग्रुपवर फुलं टाकली. चार वाजता त्याला हुडहुडी भरली आणि एकशे तीन ताप. दुसऱ्या दिवशी पेशी होत्या त्याच्याही खाली. ज्यांना फोन करून सांगितलं होतं ते सगळे झकास, झकास म्हणत भेटायला निघाले होते, त्यांना परत फोन करून येऊ नका सांगताना मला स्वतःची लाज वाटली. मॅडमचं वाक्य आठवलं, त्या सकाळचं रक्त फक्त त्या सकाळचं. पण तो तापाने फणफणत होता त्याही दिवशी मी ठरल्याप्रमाणे त्याला म्हटलं, "मेल्या, पांघरूण घे, परत लाथाडलंस." आवाज हलला नाही माझा. तो डोळे मिटून हसला.

त्यामुळे मला वाटायला लागलं, आता मी तयार आहे.

दीड महिन्याने तो घरी आला. डोक्यावर एक केस नाही, गालफडं बसलेली, पण चालत आला. पुढची औषधं अजून होती, कितीतरी महिन्यांची. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याआधी एकदा रक्त बघा, मग आम्ही हाडातला मगज तपासू. रक्त कुठे बघणार? आमच्याकडेच. एका सकाळी मास्क लावून तो लॅबमध्ये आला. मी सुई टोचली. कापूस दाबला. रक्त थांबलं. लगेच थांबलं. मी बघितलं आणि नुसतं म्हटलं, "बाहेर बस मेल्या."

पट्टी केली. रंग दिला. मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि डोळा लावायच्या आधी क्षणभर थांबले. बाहेरून त्याच्या बोटांचा आवाज येत होता, बाकाच्या लाकडावर. बारीक, पण येत होता.

लाल. सगळीकडे लाल सडा. एक जांभळी, नीट, पिकलेली, जशी असावी तशी. मी सरकवली. परत लाल. मी एक कोपरा सोडला नाही त्या पट्टीचा. एरवी शंभर पेशी मोजतो, मी मोजत सुटले. कच्ची एक नाही. मला खरंच वाटलं मी आंधळी झालेय. मॅडमना बोलावलं. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं, त्या वेळेसारखंच, आणि चष्मा न काढताच म्हणाल्या, "स्वच्छ आहे." मग बोट वर करून म्हणाल्या, "आजचं. मगज अजून तपासायचाय. कळलं ना?"

"कळलं," मी म्हटलं. वाक्य तयार होतं. दीड महिना पाठ केलेलं. मेल्या, पाय खाली घे. चार शब्द. मी रिपोर्टचा कागद घेतला, दार उघडलं.

बाहेर पाच-सहा लोक होते. शुगरवाल्या आजी होत्या. आणि तो बाकावर, चपलांसकट मांडी घालून. काटक्यांसारखे पाय, त्यावर ती पँट पिशवीसारखी लोंबलेली. मला बघून त्याने मुद्दाम गुडघा पसरला.

मी तोंड उघडलं आणि हंबरडा फोडला.

दुसरा शब्द नाही त्याला. काउंटरला धरून, सगळ्यांसमोर मी रडायला लागले. मला थांबताच येईना. वाईट बातमीला जो चेहरा हलला नव्हता, तापात जो आवाज हलला नव्हता, ते सगळं एका लाल पट्टीने वाहून गेलं. मला बोलायचं होतं. शब्द घशापर्यंत येत होता आणि रडण्यात बुडत होता. आणि ओल्या डोळ्यांतून मला त्याचा चेहरा दिसला.

पांढरा. बोटं थांबलेली. त्या दिवशी थांबली होती तशीच.

आजींनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, "अरे देवा. बाईच रडल्या म्हणजे..." आणि पुढचं गिळलं. कुणीतरी माझ्यासाठी पाणी आणायला धावलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग अगदी शांतपणे, जणू पुढच्या भजनाला किती वेळ आहे असं विचारावं तसं, त्याने विचारलं, "किती दिवस, ताई?"

वीज पडावी तसं झालं मला. अगं, हा काय समजला! मी मान हलवली, नाही नाही म्हणून, तर तो समजला, दिवसही नाहीत. त्याचे डोळे मिटले. मला माझ्याच कानफटात मारावीशी वाटली. म्हणजे मी गप्प राहिले तरी हा मरतो आणि रडले तरी मरतो? काय बाई आहे मी? आणि त्या संतापाने, स्वतःवरच्या, घसा मोकळा झाला. मी काउंटर ओलांडून गेले, तो रिपोर्टचा कागद गुंडाळला आणि त्याच्या टकलावर हाणला.

"मेल्या!" मी ओरडले. बाहेर रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघितलं असणार. "मेल्या, मुडद्या, किती वेळा सांगितलं, पाय खाली घे! लोक बसतात तिथे!"

त्याने डोळे उघडले. कागद उलगडला नाही, वाचला नाही, हातातच धरून ठेवला.

"परत म्हण," तो म्हणाला.

मी परत म्हटलं. आणि माझ्या भावाने, जन्मात पहिल्यांदा, बाकावरून पाय खाली घेतले.